वाऱ्याच्या वाटेवर आधी कोण? आंजर्ल्याच्या खळ्यापासून संगणकाच्या पंख्यापर्यंत

१/
संगणकाच्या प्रोसेसरवर बसवलेल्या पंख्याने हवा आत ढकलावी की बाहेर ओढावी? प्रश्न चार स्क्रूंचा वाटतो; पंखा काढावा, उलटा करावा, पुन्हा बसवावा. परंतु १९९५ साली इंटेलने या प्रश्नाचे एक उत्तर जगभरच्या संगणकांसाठी प्रमाण म्हणून मांडले आणि पुढे ते मागे घेतले. २००३ साली दुसरे उत्तर मांडले. तीन वर्षांत तेही सोडून दिले. या फेरफारांमागचे तत्त्व समजून घ्यायचे, तर सुरुवात कोकणातल्या एका गावापासून करणे सोयीचे आहे. #थ्रेड

२/
आंजर्ले. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले, जोग नदीच्या मुखाशी वसलेले गाव. डोंगरावर कड्यावरचा गणपती, खाली माड-पोफळींची आगरे, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेकडे हर्णैच्या पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. या किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा हा नेहमीच व्यवहाराचा विषय राहिला आहे. शिडाच्या गलबतांचे येणे-जाणे तिच्यावर ठरत असे. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की गलबते किनाऱ्याला लागत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात उतरत.

३/
पावसाळा सोडला, तर या किनाऱ्यावर वारा बहुधा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तेथला दाब कमी होतो आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि हवा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागते. हे मतलई वारे. हवेला स्वतःची अशी आवडती दिशा नसते. दाब जिकडे कमी, तिकडे ती जाते.

४/
भाताची उफणणी याच ज्ञानावर चाले. झोडलेले भात सुपात घेऊन उंचावरून सोडायचे. जड दाणा सरळ खाली पडतो आणि हलका कोंडा वारा उडवून नेतो. उफणणारा माणूस सुपाला हात लावण्याआधी वारा कोठून येतो हे पाहतो. उभे राहण्याची जागा चुकली तर कोंडा डोळ्यांत जातो. आणि रास वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहिली, तर उडालेला कोंडा पुन्हा तिच्यावरच येऊन पडतो. मग केलेले सारे श्रम फुकट.

५/
“पुन्हा राशीवर येऊन पडणे” हे शब्द लक्षात ठेवावेत. संगणक थंड ठेवण्याच्या इतिहासातली मोठी चूक नेमकी हीच आहे. बाहेर टाकलेली उष्ण हवा फिरून आत येते, किंवा एका भागाने तापवलेली हवा दुसऱ्या भागाच्या वाट्याला येते. पंख्याचे तोंड कोणत्या दिशेस असावे, हा प्रश्न वरवरचा आहे. मूळ प्रश्न असा, की वाऱ्याच्या वाटेवर आधी कोण बसणार आणि नंतर कोण?

६/
संगणकाला वाऱ्याची गरज का पडली? प्रोसेसरला मिळालेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. गणित सोडवले तरी, न सोडवता चिप नुसती फिरत राहिली तरी. पहिल्या पिढीच्या संगणकांत तर उष्णता हा कामाचाच भाग होता. निर्वात नलिकेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत यासाठी तिच्यातला एक भाग मुद्दाम तापवावा लागे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. त्याच्यातून सतत हवा खेळवणारे मोठे पंखे हे त्या यंत्राचे अविभाज्य अंग होते.

७/
आंजर्ल्याच्या उत्तरेस, याच समुद्राच्या काठी, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भारतीय बनावटीचा संगणक उभारला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले हे यंत्र १९६० साली सुरू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते; स्मृती मात्र अवघ्या २,०४८ शब्दांची. नलिकांच्या युगातले हे उशिरा जन्मलेले अपत्य. जगात तोवर ट्रान्झिस्टर आला होता आणि यंत्रे थंडावू लागली होती.

८/
ही थंडाई सुमारे तीस वर्षे टिकली. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ या प्रोसेसरवर ना पंखा होता ना हीटसिंक. साऱ्या पेटीत पंखा एकच, तोही एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. तो आतली हवा ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकी. आत दाब कमी झाला की पेटीच्या फटींतून बाहेरची हवा आपोआप शिरे. दिशेचा विचार करण्याची गरजच नव्हती, कारण बाहेर टाकण्याजोगी उष्णताच थोडी होती.

९/
१९९३ साली आलेल्या ६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमने हे चित्र बदलले. त्याची उष्णता १६ वॅटपर्यंत जाई. अंगठ्याच्या पेरापेक्षा फार मोठी नसलेली सिलिकॉनची चकती एखाद्या लहान दिव्याइतकी तापू लागली. आता चिपवर धातूच्या पातळ पात्यांचा हीटसिंक आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला पंखा बसू लागला. हे लहान पंखे आवाज करीत, धुळीने भरत आणि बंद पडत. तेव्हा अभियंत्यांनी विचार केला: एसएमपीएसमध्ये एक मोठा पंखा आहेच, मग त्याचाच वारा चिपला का देऊ नये?

१०/
यातूनच १९९५ च्या एटीएक्स प्रमाणातली ती प्रसिद्ध शिफारस जन्मली. एसएमपीएसचा पंखा उलटा फिरवावा. त्याने बाहेरची हवा आत घ्यावी आणि शेजारीच असलेल्या प्रोसेसरवर सोडावी. चिपवरचा स्वतंत्र पंखा वाचेल, आवाज कमी होईल. शिवाय पेटीच्या आत दाब थोडा वाढला की हवा फटींतून बाहेर जाईल, आणि फटींतून धूळ आत येण्याचे प्रमाण घटेल. कागदावर ही योजना निर्दोष होती.

११/
दोष होता तो क्रमात. हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधी एसएमपीएसच्या पोटातून जात होती. त्या काळच्या सर्वसाधारण एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास असे. म्हणजे संगणकाला १०० वॅट द्यायचे तर भिंतीतून सुमारे १४३ वॅट घ्यायचे आणि उरलेल्या ४३ वॅटची उष्णता त्या डब्यातच निर्माण व्हायची. प्रोसेसरला मिळणारा वारा ताजा नव्हता. शेजाऱ्याची ऊब घेऊन आलेला होता. रास वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहिली होती.

१२/
प्रोसेसरची उष्णता वाढत गेली तशी ही तडजोड परवडेनाशी झाली. नंतरच्या आवृत्त्यांतून ती शिफारस गेली. एसएमपीएसचा पंखा पुन्हा हवा बाहेर टाकू लागला आणि चिपवर स्वतंत्र पंखा कायमचा विराजमान झाला. बदललेली गोष्ट म्हटली तर एवढीशी: एका पंख्याची दिशा. पण तिच्यामुळे वाटेवरचा क्रम उलटला. आता ताजी हवा आधी प्रोसेसरला मिळे आणि त्याची ऊब एसएमपीएस बाहेर नेई.

१३/
येथून दुसरा वाद सुरू झाला, जो अजून संपलेला नाही. चिपवरच्या पंख्याने हवा हीटसिंकमध्ये ढकलावी की त्यातून ओढून घ्यावी? पंख्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूने तो हवा घेतो, त्या बाजूस ती चहूकडून शांतपणे येते. ज्या बाजूने टाकतो, तेथे ती वेगाने, झोताने आणि घुसळत जाते. हा घुसळता झोत धातूच्या पात्यांना चिकटून बसलेला उबदार हवेचा थर फोडतो. म्हणून सामान्यतः ढकलणारा पंखा थोडा सरस ठरतो.

१४/
ओढणाऱ्या पंख्याची आणखी एक अडचण आहे. त्याच्या वाट्याला तापलेली हवा येते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तितक्याच फेऱ्यांत तो कमी वजनाची हवा हलवतो. आणि त्याचे बेअरिंग उष्णतेत राहून लवकर झिजते. मात्र ढकलणाऱ्या पंख्याच्या मधल्या गोल भागाखाली झोत पोहोचत नाही. तेथे वाऱ्याची सावली पडते. एकंदरीत, मार्ग मोकळा असेल तर या दोहोंतला फरक लहानच असतो. खरा फरक आत येणाऱ्या हवेच्या तापमानाने पडतो.

१५/
याचे गणित शाळकरी आहे. हीटसिंक दर वॅटमागे ०.३ अंश चढू देतो असे धरू आणि प्रोसेसर १०० वॅटचा. मग तो आपल्याला मिळणाऱ्या हवेपेक्षा ३० अंशांनी गरम राहील. मे महिन्यात आंजर्ल्यातल्या खोलीत ३२ अंश असतील आणि तीच हवा थेट मिळाली, तर प्रोसेसर ६२ अंशांवर. तीच हवा पेटीत आधी दुसरीकडे फिरून ४२ अंशांची झाली असेल, तर ७२ अंशांवर. पंखा तोच, हीटसिंक तोच. क्रम बदलला आणि दहा अंश वाढले.

१६/
पंखा हवा थंड करीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. माणसाला पंख्याखाली गार वाटते ते मुख्यतः घाम वाळल्यामुळे. म्हणूनच कोकणच्या दमट मे महिन्यात पंखा लावूनही जीव घाबरा होतो. हवेत आधीच बाष्प असते, घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने ३२ अंशांची दमट हवा आणि ३२ अंशांची कोरडी हवा जवळपास सारखीच. त्याला हवा असतो तो केवळ तापमानातला फरक आणि अखंड वाहता प्रवाह.

१७/
“गरम हवा वर जाते, म्हणून पंख्यानेही हवा वरच टाकावी,” असे पुष्कळदा सांगितले जाते. कौलारू घरात हे खरे आहे. छप्पर उंच, पंखा नाही. चुलीचा धूर आणि ऊब कौलांच्या फटींतून वर निघते आणि दारातून गार हवा आत येते. परंतु संगणकाची पेटी जेमतेम ४५ सेंटीमीटर उंच. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असली, तरी त्या उंचीत निर्माण होणारा दाब ०.२ पास्कलसुद्धा भरत नाही. १२० मिलिमीटरचा साधा पंखा १० ते २० पास्कलपर्यंत दाब देऊ शकतो. तेथे निसर्गनियम नाहीसा होत नाही, पण पंख्यापुढे त्याचे फारसे चालत नाही.

१८/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी उष्णतेचा प्रश्न ऐरणीवर आला. पेंटियम ४ मालिकेतला ३.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ११५ वॅटचा होता. ४ गिगाहर्ट्झचा ठरलेला प्रोसेसर इंटेलने २००४ साली रद्द केला. त्या काळातल्या अनेक कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला जाळी आणि आतून प्लास्टिकचे नळकांडे असे. जुन्या संगणकांत ते अजून दिसते. ते शोभेसाठी नव्हते. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांहून गरम हवा मिळू नये, या नियमासाठी बाहेरची हवा थेट चिपवर आणणारी ती वाट होती.

१९/
परंतु ते ठिगळ होते. मूळ आराखडाच बदलावा या हेतूने इंटेलने २००३ साली बीटीएक्स हे नवे प्रमाण जाहीर केले. त्यात मदरबोर्डची मांडणीच वाऱ्यासाठी केली होती. समोरून मोठा पंखा हवा घेणार, तिच्या वाटेवर सर्वप्रथम प्रोसेसर, त्यामागे इतर चिपा, आणि शेवटी मागच्या बाजूने निकास. कोठे वळण नाही, कोठे अडथळा नाही. वाऱ्याची वाट आधी आखायची आणि मग तिच्या काठाने वस्ती बसवायची, असा हा उलटा विचार होता. डेल, गेटवे यांसारख्या कंपन्यांनी तो काही काळ स्वीकारला.

२०/
तरीही २००६ साली बीटीएक्स सोडून देण्यात आले. नव्या प्रमाणासाठी कॅबिनेट आणि मदरबोर्ड दोन्ही बदलावे लागत आणि बाजार जुन्याच मापांत रुजला होता. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये स्मृतीचा नियंत्रक चिपच्या आतच होता. त्यामुळे प्रोसेसर व स्मृती यांची ठरावीक जवळीक राखणे त्यांना भाग होते आणि ही मांडणी त्यांना अडचणीची होती. शेवटचा घाव इंटेलनेच घातला. २००६ मधला कोअर २ ड्युओ ६५ वॅटचा होता. ज्या आगीसाठी विहीर खणली होती, ती आगच मंदावली.

२१/
बीटीएक्स गेले, पण त्यामागचा विचार टिकला. आज तरुणांच्या संगणकांत दिसणारे उंच मनोऱ्यासारखे कूलर पाहावेत. तांब्याच्या बंद नळ्यांतला द्रव चिपजवळ उकळून वाफ होतो, वर पात्यांमध्ये निवून पुन्हा द्रव होतो. पंखा बोर्डाला समांतर, समोरून मागे हवा ढकलतो आणि तिच्या पुढ्यातच मागचा निकास पंखा असतो. जुन्या पेटीत नवी सरळ वाट तयार झाली. किंमत एवढीच, की खाली हवा मारणारा जुना पंखा बोर्डावरच्या शेजारच्या भागांनाही वारा देई. मनोरा तसा देत नाही. ताजी हवा एकाला आधी दिली की दुसऱ्याच्या वाट्याला ती कमीच येते.

२२/
एका पेटीत ही वाट चुकली तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खेळ अडखळतो, इतकेच. शेकडो यंत्रे ओळीने उभी असलेल्या दालनात मात्र पुढच्या ओळीची उष्ण हवा मागच्या ओळीच्या तोंडात जाते. १९९२ साली आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी यावर साधा उपाय सुचवला. यंत्रांच्या ओळी समोरासमोर आणि पाठीला पाठ अशा मांडाव्यात. एका गल्लीत केवळ थंड हवा, पुढच्या गल्लीत केवळ गरम. यंत्र तेच, पंखे तेच. बदलली ती उभे राहण्याची दिशा.

२३/
महाराष्ट्रात या प्रश्नाचे महत्त्व पुण्यात दिसते, आणि त्याचे कारण पुन्हा वाराच आहे: मोसमी वारा. १९८० च्या दशकात हवामान अंदाजासाठी भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले गेले. क्रे एक्स-एमपी/१४ तेवढा मिळाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला.

२४/
पुढे काळ बदलला. ८ जानेवारी २०१८ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रत्यूष या महासंगणकाचे उद्घाटन झाले. तो क्रे एक्ससी-४० जातीचा. ३,३१५ संगणक-नोड, कमाल वेग सुमारे ४ पेटाफ्लॉप. नोएडातील मिहिर हा त्याचा जोडीदार. या जातीच्या यंत्रात हवा समोरून मागे जात नाही. ती ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कपाटांमधून आडवी वाहते. मग शेवटच्या कपाटाला सर्वांची उष्णता मिळत नाही का?

२५/
मिळत नाही, कारण प्रत्येक कपाटातून बाहेर पडताना हवा थंड पाण्याच्या नळ्यांच्या जाळीतून जाते. एका कपाटाची ऊब पाणी तेथल्या तेथे काढून घेते आणि पुढच्या कपाटाला निवलेली हवा मिळते. एटीएक्सच्या शिफारशीत जो क्रमाचा दोष होता, त्याचे हे उत्तर. पंगतीत सर्वांत आधी बसण्याचा हट्ट येथे सुटतो, कारण प्रत्येक पानापुढे ताजे वाढले जाते. मोसमी वाऱ्याचे गणित करणारे हे यंत्र स्वतः अशा एका आखीव, आडव्या वाऱ्यावर चाले.

२६/
त्या गणिताची कसोटी लवकरच लागली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आंजर्ले वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला येत होते. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून केंद्र जवळून उत्तरेकडे सरकते तेव्हा अशा गावातला वारा पूर्व-आग्नेयेकडून दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे वळतो. एका बाजूने वाकलेले झाड काही वेळाने दुसऱ्या बाजूने झोडपले जाते.

२७/
दापोली आणि मंडणगड तालुक्यांत माड-पोफळींची आगरे आडवी झाली, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले. पुन्हा लावलेला माड फळाला यायला वर्षे लागतात; त्यामुळे हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. परंतु वादळ येणार हे आधी कळले होते. करोनाच्या निर्बंधांच्या काळातही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवता आले. संगणकाचा अंदाज झाडे वाचवू शकत नाही. माणसांना वेळ तेवढा देऊ शकतो. आणि तो वेळ देण्यासाठी यंत्राला न तापता, न मंदावता आपले गणित वादळाआधी पुरे करावे लागते.

२८/
आता हवेची जागा पाणी घेऊ लागले आहे. पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या परम ब्रह्ममध्ये पाणी थेट प्रोसेसरजवळच्या धातूच्या पट्टीपर्यंत नेले जाते. पण पाण्यालाही दिशा असतेच. ते कोठून गार होऊन येते, आधी कोणाला भेटते आणि ऊब कोठे नेऊन सोडते, हे तेथेही ठरवावेच लागते. प्रत्यूषनंतर २०२४ साली त्याच संस्थेत अर्क हा अधिक शक्तिशाली महासंगणक आला. यंत्रे बदलली, प्रश्न तोच राहिला.

२९/
किनाऱ्यावरच्या घरातल्या संगणकाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हवेतले मीठ आणि ओल धातूच्या जोडण्या गंजवतात. धूळ ओल धरून पात्यांत बसते. म्हणून १९९५ मधला एक विचार येथे आजही उपयोगी आहे. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवावेत आणि त्यांच्यापुढे जाळी लावावी, म्हणजे आतला दाब किंचित अधिक राहतो आणि हवा जाळीतूनच येते. पेटी भिंतीला किंवा कपाटाला चिकटवू नये. नाही तर बाहेर टाकलेली हवा वळून पुन्हा आत येते.

३०/
आणि पंख्याची दिशा? ती ओळखणे सोपे आहे. बहुतेक पंख्यांच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असल्यास पंख्यासमोर कागदाचा हलका कपटा धरावा. खळ्यावरचा माणूसही उफणणीआधी मूठभर भुसा सोडून पाहतो तो एवढ्यासाठीच. तो आधी वारा पाहतो, मग रास कोठे ठेवायची ते ठरवतो, आणि सूप त्यानंतर उचलतो.

॥ थ्रेड समाप्त ॥